मूळ की वहिवाट? : ‘रॉक मशीन’चा दुसरा अल्बम आणि देशीयतेचे कान

१९९० साली भालचंद्र नेमाडे यांचे ‘टीकास्वयंवर’ प्रसिद्ध झाले आणि मराठीतील देशीयतेच्या चर्चेला ग्रंथरूप अधिष्ठान लाभले. त्याच वर्षी ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या हार्ड रॉक बँडचा ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम निघाला. पहिल्या घटनेवर पुढे दीर्घकाळ परिसंवाद झडले. दुसरीची दखल घेण्याचे मराठी समीक्षेला कारणच वाटले नाही. या न वाटण्यामागे एक गृहीत आहे. कलाकृती कोणाची हे तिच्या मुळावरून ठरते, आणि ज्याचे मूळ परके ते ऐकण्याची जबाबदारी आपल्यावर नाही, असे ते गृहीत आहे. मुंबई-पुण्याच्या चर्चेत ते स्वयंसिद्ध वाटते. मात्र ज्यांच्या नावाने देशीयतेची ग्वाही दिली जाते, त्या नांदेड-लातूरकडच्या श्रवणव्यवहारावर ते पारखून पाहिले, तर ते टिकत नाही.

प्रथम अल्बमचा विचार करू. ‘रॉक मशीन’ची स्थापना १९८४ सालची. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश टिनईकर आदींचा हा बँड प्रारंभी पाश्चात्त्य गटांची गाजलेली गाणी वाजवीत असे. तत्कालीन इंग्रजी रॉकच्या भारतीय श्रोत्याची मागणीही तीच होती. मूळ ध्वनिमुद्रिकेबरहुकूम वाजवणे हे त्याच्या लेखी कौशल्य होते. स्वतःची गाणी रचणे हा आगाऊपणा होता. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वरचित गाण्यांचा पहिला अल्बम आला, तेव्हा त्याच्या वाट्याला जे आले ते मुख्यतः नवलाईचे कौतुक होते. ‘आपल्यातलेही कोणी असे करू शकते’ एवढ्यावर हे कौतुक उभे असते. दुसऱ्या अल्बमला ती सवलत नसते. नवलाई ओसरलेली असते आणि कृतीला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. कौतुक संपते तेथे समीक्षा सुरू व्हावी, अशी अपेक्षा असते. येथे कौतुक संपले आणि समीक्षा सुरूच झाली नाही.

त्याऐवजी एक कथा तयार झाली. १९९३ साली बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले आणि १९९५ साली त्या नावाचा, भारतीय संगीताचा रंग मिसळलेला अल्बम काढला. मग सांगण्यात येऊ लागले, की आधीची वर्षे अनुकरणाची, आणि नंतर स्वत्वाचा शोध लागला. या कथेत दुसऱ्या अल्बमची जागा रेल्वेच्या प्रतीक्षालयासारखी आहे. गाडी पुढे यायची आहे, तोवर बसून राहायचे. परंतु ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार १९९३ साली, म्हणजे त्या ‘स्वत्वाच्या’ अल्बमच्या दोन वर्षे आधी, मिळाला होता. श्रोत्यांनी जे आधीच स्वीकारले होते, ते समीक्षकी कथेने तबल्याची साक्ष मिळेपर्यंत तहकूब ठेवले.

हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना मराठी अभ्यासकांना परिचित आहे. कृती आणि वाचकाचे क्षितिज यांतील अंतर हे तिच्या मूल्याचे एक गमक होय, असे तो म्हणतो. हे गमक लावले की एक मजेदार गोष्ट दिसते. रॉकचा महानगरी चाहता आणि देशीयतेचा पुरस्कर्ता हे एकमेकांचे कट्टर विरोधक समजले जातात. पण दोघांचे क्षितिज एकाच रेषेवर आहे. पहिला म्हणतो, ‘हे मूळ विलायती गाण्यासारखे नाही, म्हणून खोटे.’ दुसरा म्हणतो, ‘हे मूळ मातीतले नाही, म्हणून खोटे.’ दोघेही कृतीकडे जन्माचा दाखला मागतात. एकाला तो लंडनचा हवा, दुसऱ्याला गावच्या तलाठ्याचा, एवढाच फरक.

नेमाड्यांची मूळ भूमिका इतकी सोपी नाही, हे मान्य केले पाहिजे. परकीय घटक आत्मसात करून त्यांना आपल्या व्यवस्थेत बसविणारी देशीकरणाची प्रक्रिया त्यांच्या मांडणीत आहे. परंतु अनुयायांच्या हाती पडल्यावर प्रक्रिया गळाली आणि पाटी तेवढी उरली. देशीकरण झाले की नाही हे ठरविण्यासाठी कान द्यावा लागतो. देशी आहे की नाही हे ठरविण्यासाठी नुसते नाव पुरते. सोय दुसऱ्यातच असल्याने समीक्षेने ती पत्करली.

आता नांदेडकडे वळू. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबात शबद-कीर्तन पेटीवर चालते. त्या परिसरातल्या गावोगावच्या भजनी मंडळांचेही पेटीवाचून चालत नाही. पेटीचे मूळ १८४० च्या दशकातील पॅरिसमध्ये आहे. हातभात्याची भारतीय पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात घडली. १९४० साली आकाशवाणीने हे वाद्य परके आणि श्रुतींना मारक ठरवून त्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. त्या तीन दशकांत गावच्या देवळात कोणी पेटी बंद केल्याचे स्मरत नाही. २०२२ साली अमृतसरच्या अकाल तख्ताच्या जथेदारांनी सुवर्णमंदिरातील कीर्तनातून पेटी टप्प्याटप्प्याने हटवून तंतुवाद्ये परत आणावीत, असे सुचविले. शुद्धीची ही हाक पुन्हा पुन्हा येते आणि पुन्हा पुन्हा वहिवाटीपुढे थबकते. शेतीच्या कज्ज्यांत ‘वहिवाट’ हा शब्द कोणाही मराठवाडी माणसाला शिकवावा लागत नाही. सातबारा कोणाच्याही नावाचा असो, जमीन कसतो कोण, हा प्रश्न विचारल्यावाचून निवाडा होत नाही. संगीताच्या बाबतीत समीक्षा मात्र अजून सातबारा पाहूनच निकाल देते.

या निकालाचा खरा फटका कोणाला बसतो, हे पाहिले म्हणजे हा वाद मुंबईच्या एका बँडपुरता नाही हे कळते. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दलित वस्त्या पेटविण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत लढ्याची भाषा जितकी भाषणांतून तितकीच गाण्यांतून वस्तीवस्तीत पोहोचली. त्या गाण्यांच्या पुस्तिका उघडून पाहाव्यात. गीताच्या शिरावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या चित्रपटगीताचे नाव छापलेले असते. रचनाकाराने काहीही दडविलेले नसते. चाल लोकांच्या ओठी आहे म्हणूनच ती घेतलेली असते, कारण पहिल्याच फेरीत शेकडो कंठांनी ती उचलायची असते.

समीक्षेने याला ‘उसनी चाल’ म्हटले आणि भीमगीतांच्या फार मोठ्या भागाला साहित्य आणि संगीत या दोन्ही विचारांच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. वास्तविक मराठी संगीत नाटकांच्या जुन्या आवृत्त्यांतही पदाच्या शिरावर ‘चाल’ छापलेली आढळते. अण्णासाहेब किर्लोस्करांपासूनच्या नाटककारांनी लावण्या, साक्या, दिंड्या, कानडी पदे यांच्या चाली मोकळेपणाने घेतल्या. तेथे त्याला परंपरेचा विस्तार म्हणण्यात येते. कृती तीच, छापण्याची रीतही तीच. रंगमंदिरात तो विस्तार आणि समाजमंदिरात ती उसनवारी! हा भेद सौंदर्यशास्त्राने केलेला नाही. मौलिकतेचा निकष येथे जातिव्यवस्थेची चाकरी करतो, असे म्हणावे लागते. मुंबईच्या बँडला अनुकरणाचा शिक्का मारणारा आणि नांदेडच्या गायकाला उसनवारीचा शिक्का मारणारा हात एकच आहे. बँडचे त्यामुळे फारसे बिघडले नाही. गायकाचे अभ्यासविश्वातील अस्तित्वच पुसले गेले.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पेटी हे वाद्य आहे, चाल हा सूर आहे. इंग्रजी ही भाषा आहे, आणि तीही सत्तेची. ती नुसत्या वापराने आपली कशी होईल? आक्षेपाचा उत्तरार्ध खरा आहे. ‘द सेकंड कमिंग’ ज्यांच्यासाठी निघाला, तो वर्ग लहान, महानगरी आणि इंग्रजीशिक्षित होता. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. परंतु पूर्वार्ध मराठवाड्याच्या अनुभवाशी जुळत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत होते. सत्तेची भाषा म्हणून उर्दूशी झगडलेल्या याच प्रदेशात कंधारच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकली जाते, आणि ऐकणाऱ्यांत मराठी बोलणाऱ्यांना कोणी वेगळे काढीत नाही. पूर्ण न कळणाऱ्या भाषेतील गाण्याला मान डोलावणे ही येथे नवलाची बाब नाही. सत्तेची भाषा आणि गाण्याची भाषा एकच असली, तरी तिच्याशी असलेली दोन नाती वेगळी राहू शकतात.

लातूरच्या बाबतीत हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला. गुणवत्ता याद्या, सरावपरीक्षा, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश या वाटेने तेथील मुलांच्या आयुष्यात इंग्रजी आली ती गुणांच्या रूपाने. जिच्यात चुकले तर वर्ष वाया जाते, अशी ती भाषा. गाण्यातली इंग्रजी कोणाची परीक्षा घेत नाही. तेथे अर्धा शब्द कळला तरी चालतो, चुकीचा उच्चार गिटारच्या आवाजात बुडून जातो. लातूरच्या एखाद्या खोलीत एखाद्या विद्यार्थ्याने असे गाणे लावले, तर तो मुळापासून तुटला असे निदान करण्याआधी परीक्षेच्या भाषेशी तो कोणता व्यवहार करीत आहे, हे विचारावयास हवे. ते न विचारता त्याला मातीची आठवण करून देणे म्हणजे त्याच्या वतीने त्याचे स्वत्व ठरविणे होय. दूरच्या वसाहतवाद्याने केले तेच जवळचा देशीवादी करतो.

मग निकष कोणता लावावा? नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करीत भरताच्या नाट्यशास्त्राचा व्यासंग करणारे नरहर कुरुंदकर यांचे नाव मराठवाड्याची समीक्षा अभिमानाने घेते. त्याच नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय सिद्धीचा आहे. प्रयोग सफल झाला की नाही याची खूण भरत प्रेक्षकांत शोधतो : स्मित, हास्य, ‘साधु’ असा उद्गार, रोमांच, उठून उभे राहणे, वस्त्रे-अंगठ्या फेकणे. चाहत्यांचा कल्लोळ हा शास्त्राचा विषय आहे, हे भरताला कमीपणाचे वाटले नाही. त्याने प्रयोगाचे मूळ विचारले नाही, सिद्धी विचारली. ज्या परंपरेच्या नावाने रॉकला दार बंद केले जाते, त्या परंपरेच्या आद्य ग्रंथात ते दार उघडे आहे.

हा निकष कोणाला फुकटची सुटका देत नाही. वहिवाटीने पाहिले तर ‘द सेकंड कमिंग’चा निवाडा कदाचित कठोरच होईल. त्यातले काय श्रोत्यांनी उचलले, पुढच्या बँडनी काय वाजवत ठेवले, कोणत्या सुराला दुसरे शब्द मिळाले, हे प्रश्न त्याला विचारावे लागतील. उत्तर नकारार्थी आले तर ती त्या अल्बमची खरी उणीव ठरेल, आणि विलायती असण्याच्या आरोपापेक्षा ती फार गंभीर उणीव असेल. मात्र हे उत्तर ऐकून मिळवावे लागते.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली, नामविस्ताराच्याच वर्षी, स्थापन झाले. लातूर त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येते. या दोन जिल्ह्यांतील संशोधकांपुढे ओव्या, भारुडे आणि लोकगीते यांच्या संकलनाचे काम आहेच. त्याच्या शेजारी ध्वनिफितींतील भीमगीते, लग्नाच्या बँडची वाजप आणि खोलीतल्या हेडफोनमधले रॉक यांनाही जागा द्यावी लागेल. ते आपले आहे की परके, हे आधी ठरवून कामाला लागणाऱ्याला काहीच ऐकू येणार नाही. ज्या दिवशी एखाद्या पुस्तिकेत गीताच्या शिरावर ‘चाल’ म्हणून विजेच्या गिटारवरचे गाणे छापलेले सापडेल, त्या दिवशी त्याच्या देशीयतेवर परिसंवाद भरविण्याची गरज उरणार नाही. निकाल आधीच लागलेला असेल, आणि तो समीक्षकांनी दिलेला नसेल.