आईची औषधांची पिशवी आणि फॅमिली डॉक्टरचा अभ्यासक्रम

ताथवड्यात राहणाऱ्या माणसाला 'आउटकम' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हायवेच्या अलीकडे-पलीकडे बघाल तिकडे कॉलेजंच कॉलेजं. अशाच एका कॉलेजात मी बावीस वर्षं मेकॅनिकल शिकवलं. २०१४ साली भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा कायम सभासद झाला आणि त्याच्या आगेमागे आमच्या स्टाफरूममध्ये सीओ-पीओची लाट आली. प्रत्येक विषयाची उद्दिष्टं, पदवीची बारा उद्दिष्टं, आणि दोन्हींची सांगड घालणारा एक्सेलचा तक्ता. चौकटीत १, २ किंवा ३ भरा. (ज्यांनी भरलाय ते आत्ता हसत असतील.)

मूळ कल्पना चांगली होती, हे आधी कबूल करतो. आपण काय शिकवलं यापेक्षा पोराला शेवटी काय करता येतं ते बघा, इतकी साधी. पण आम्ही रात्री जागून तक्ते भरले आणि व्हर्नियर धड वाचता न येणारी पोरं तरीही पास होत राहिली. त्यात माझाही हात होता.

असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. ती डॉक्टर आहे. एका हॉस्पिटलात फॅमिली मेडिसिनचं डीएनबी करणाऱ्या मुलांना शिकवते. गेल्या महिन्यात कागदांची चळत घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, तुमच्याकडे ते आउटकमचं प्रकरण होतं ना? आता आम्हालाही तसंच लिहायचंय. जरा बघ."

फॅमिली डॉक्टर व्हायला वेगळं काय शिकायचं, असं शेजारच्या काकांनी लगेच विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. आपल्या लहानपणी एमबीबीएस झालं की दवाखान्याची पाटी लागायची, पुढचं पेशंट शिकवत. ब्रिटनमध्ये मात्र ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून जीपी व्हायला वेगळं प्रशिक्षण सक्तीचं आहे. आपल्याकडे २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात फॅमिली मेडिसिनचे तज्ज्ञ हवेत असं लिहिलं गेलं, २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यातही हे अभ्यासक्रम वाढवा असं आहे. पण एमडीची सोय अजून मोजक्याच कॉलेजांत. बरीचशी भिस्त तीन वर्षांच्या डीएनबीवर.

भाचीच्या मसुद्यात एकशे चाळीसच्या वर उद्दिष्टं होती. मेडिसिनची इतकी, सर्जरीची इतकी, बाळंतपणाची इतकी. मी सगळी वाचली आणि तिला एकच विचारलं, "यातलं कुठलं उद्दिष्ट तुझ्या आजीला उपयोगी पडलं असतं?"

ती गप्प झाली.

नातेवाईक मंडळींना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. आईला बीपी, साखर, गुडघे, थोडी किडनी. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा, फाईल वेगळी. आमचे चिंचवडगावातले जुने डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेले, तेव्हापासून सगळ्या फायली एकत्र बघणारं कुणी उरलं नव्हतं. एकाने बीपीची गोळी दिली. चार महिन्यांनी दुसऱ्याने दिली, नाव वेगळं. आई दोन्ही इमानेइतबारे घेत राहिली. एका पहाटे बाथरूमला जाताना चक्कर आली आणि खुबा मोडला. ऑपरेशननंतर भाचीने औषधांची पिशवी पलंगावर उलटी केली, तेव्हा कळलं की दोन्ही पट्ट्यांत औषध एकच, अम्लोडिपिन. आई पुन्हा घराबाहेर चालत गेली नाही. दीड वर्षाने गेली.

कुठल्याही एका डॉक्टरची चूक काढता येत नाही. प्रत्येकाने आपल्या अवयवापुरतं बरोबरच केलं होतं. आणि घरात डॉक्टर नात असून तिनेही तोवर पिशवी बघितली नव्हती. हे तिनेच मला लिहायला सांगितलं आहे.

तर माझं मत असं. फॅमिली डॉक्टरची उद्दिष्टं विभागवार लिहायला बसलात की संपलं. पाच स्पेशालिस्टांचे पाच तुकडे जोडून फॅमिली डॉक्टर होत नाही. उद्दिष्टं घराच्या दारातून लिहायला हवीत. आम्ही दोघांनी त्या रात्री ताथवडे डोळ्यांसमोर ठेवून काही लिहिली. चाकणला तीन पाळ्यांत काम करणाऱ्या मधुमेही माणसाचं जेवण आणि औषध पाळीनुसार बसवून देता येतं. चौदा गोळ्या घेणाऱ्या आजींच्या घरी जाऊन, पिशवी उलटी करून, कुठल्या बंद करायच्या ते ठरवता येतं आणि ते त्या-त्या डॉक्टरला फोन करून पटवता येतं. मुलाच्या नोकरीपायी लातूरहून इथे आलेल्या, कुणी ओळखीचं नसलेल्या आजोबांच्या 'झोप लागत नाही'मागे काय आहे ते काढता येतं. छातीत दुखणाऱ्याला कुठे पाठवायचं ते ठरवायला फार वेळ लागत नाही.

मग प्रश्न येतो मोजायचं कसं. याचं उत्तर चाकणच्या कुठल्याही शॉपमध्ये भिंतीवर लावलेलं असतं, स्किल मॅट्रिक्स. गोलाचा पाव भाग काळा म्हणजे माणूस अजून शिकतोय, अर्धा म्हणजे कुणी शेजारी उभं हवं, पाऊण म्हणजे एकटा मशीन चालवतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. भाची म्हणाली, त्यांच्याकडेही हेच आहे. ओले टेन केट नावाच्या डच प्राध्यापकाने २००५ मध्ये मांडलं की, या मुलावर हे काम किती देखरेखीत सोपवता येईल ते विचारा. मार्क किती हा प्रश्न नाही, भरवसा किती हा आहे. मला हे फार आवडलं. आपण पेशंट म्हणून डॉक्टरकडे हेच तर बघतो.

पण भरवसा एका दुपारच्या परीक्षेत दिसत नाही. रेसिडेंट महिना-दोन महिन्यांनी वॉर्ड बदलत राहिला तर त्याला रोग दिसतात, तोच माणूस पुन्हा दिसत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक रेसिडेंटला पहिल्या महिन्यात तीस घरं द्या. वॉर्ड कुठलाही असो, आठवड्यातली एक दुपार त्या घरांची. तिसऱ्या वर्षाअखेर परीक्षकाने त्यातल्या पाच घरी जाऊन चहा घ्यावा आणि पिशवी बघावी.

यावर आक्षेप आहेत. हॉस्पिटलला रेसिडेंट म्हणजे कामाचे हात, ती दुपार सुटणार कशी? मला उत्तर नाही, पण ती दुपार कागदावर नसेल तर कधीच सुटणार नाही. दुसरा आक्षेप, आमच्याकडे अर्धी वस्ती भाडेकरूंची, अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलतं. खरं आहे. मग तीसपैकी दहा जातील, दहा नवीन येतील. गेलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या डॉक्टरला कळेल असा एक कागद द्यायचा, हेही उद्दिष्टच की.

तिसरा आक्षेप माझाच आहे. हेही शेवटी एक्सेलमध्ये जाईल, आणि कुणीतरी रात्री जागून तीस घरांपुढे ३ भरेल. ती भीती मला आहे. भाची म्हणाली, "मामा, म्हणून तर परीक्षकाला चहाला पाठवायचं."

मसुदा आता एकशे चाळीसवरून बावीसवर आला आहे. मंजूर होईल की नाही माहीत नाही. तोवर मंडळी, एक करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधांची पिशवी या रविवारी पलंगावर उलटी करा. पट्टीवरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा.