ऱ्हाइनकांठचे रविवार

जर्मनींतील बॉन शहरीं आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त राहतात, हें वाचकांस मागें एकदां सांगितलेंच आहे. गेल्या चैत्रांत त्यांच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों व परवान्याप्रमाणें नव्वद दिवस राहून परत आलों. 'काय काय पाहिलें?' असें जो तो विचारतो. उत्तर द्यावयास थोडा संकोच वाटतो; कारण आम्हीं मुख्यतः रविवार पाहिले.

तेथील रविवार म्हणजे केवळ सुटीचा वार नव्हे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेनें त्या दिवसास विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिलें, व तें कलम १९४९ च्या घटनेनेंही कायम ठेविलें. दुकानें बंद, पाववाल्याचें तेवढें सकाळीं थोडे तास उघडें. रिकाम्या काचेच्या बाटल्या चौकांतील पिंपांत टाकण्यासही त्या दिवशीं मनाई, कारण काच फुटल्याचा आवाज होतो! ज्यांच्या आळींत दर रविवारीं कोणता ना कोणता कर्णा गर्जत असतो, अशा आम्हांस हें कृतयुगच वाटलें. एक अडचण मात्र खरी. जून महिन्यांत सूर्य रात्रीं पावणेदहापर्यंत मावळत नाहीं. त्यामुळें सायंसंध्येस बसावें तों घरांतील सर्व मंडळी निजलेली.

या कृतयुगाचा भंग पहिल्याच रविवारीं आमच्याच घरून झाला. एकादशी होती. कुटुंबानें येथून लोखंडी खलबत्ता नेला होता (सामानाच्या वजनांत त्यानें काय काय मागें ठेवावयास लाविलें तें सांगत नाहीं), आणि दुपारीं दीड वाजतां दाण्याचें कूट करावयास घेतलें. चिरंजीव व सूनबाई बाहेर गेलेलीं. घरांत आम्ही दोघें आणि आठ वर्षांचा नातू. पांच मिनिटांत दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरील वृद्ध बाई दारांत उभ्या. त्यांनीं अत्यंत सभ्य स्वरांत बरेंच मोठें भाषण केलें. आम्हीं नातवाकडे पाहिलें. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "आबा, त्या म्हणतात, आज रविवार आहे."

एवढ्या भाषणाचें भाषांतर अवघें इतकेंच. परंतु आम्ही आल्यापासून त्याच्या तोंडून ऐकलेलें तें पहिलें पूर्ण मराठी वाक्य होतें. त्यास मराठी कळे सगळें, पण उत्तर येई तें जर्मनमध्यें. आम्हीं मोठ्या हौसेनें अंकलिपी नेली होती. दुसऱ्याच दिवशीं त्यानें ती मिटून ठेविली व आईजवळ जें बोलला त्याचा अर्थ असा, कीं हीं अक्षरें इथें कोणीच लिहीत नाहीं, मग मलाच कशाला? आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें. परंतु या प्रश्नास उत्तर सुचेना. आमच्या गुरुजींनीं छडी काढली असती. त्या देशांत मुलावर घरींसुद्धां हात उगारण्यास २००० सालापासून कायद्यानें बंदी आहे, आणि छडी हें त्या प्रश्नाचें उत्तरही नव्हे. त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं. नव्वद दिवस संपले कीं आपण जाणार. पुढें या मुलाशीं आपण कोणत्या भाषेंत बोलणार, हा विचार मनांतून हालेना.

खलबत्त्याची क्षमा मागावयास आम्ही सूनबाईंसह बेसनाचे लाडू घेऊन खालीं गेलों. त्या बाईही निवृत्त शिक्षिका निघाल्या. आमचा विषय संस्कृत, हें कळतांच त्यांनीं विचारलें, "मग श्लेगेलच्या दर्शनास गेलांत कीं नाहीं?" पुढच्या रविवारीं त्याच आम्हां सर्वांस जुन्या स्मशानभूमींत घेऊन गेल्या. १७१५ सालची ती जागा. उंच झाडें, शेवाळलेले दगड. बेटोफेनची आई तेथें आहे, शूमान दांपत्य आहे, आणि आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलही आहेत. १८१८ सालीं स्थापन झालेल्या येथील विद्यापीठांत जर्मनींतील भारतविद्येचें पहिलें अध्यापकपद यांनीं भूषविलें. १८२३ सालीं यांनीं भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह याच गांवांत छापून काढली, आणि मूळ संहिता देवनागरींत! आम्हीं पादत्राणें काढून नमस्कार केला. वाटेनें जाणारे दोघे कुतूहलानें थबकले, थबकोत बापडे.

बाईंनीं नातवास हें सर्व त्याच्या भाषेंत सांगितलें. त्यानें बराच वेळ विचार करून विचारलें, "पण इथें हीं अक्षरें मिळालीं कुठून?" खिळे श्लेगेल यांनीं पॅरिसमध्यें मुद्दाम पाडवून घेतले होते. त्यावर पुढचा प्रश्न, कोणतें अक्षर पाडावयास सर्वांत कठिण गेलें असेल? आम्ही म्हणालों, 'क्ष' असावें. तो म्हणाला, लिहून दाखवा. तेथल्याच वाळूंत काडीनें लिहून दाखविलें.

याच गांवीं पुढें हेर्मान याकोबी होते. १८९३ सालीं लोकमान्यांचें 'ओरायन' प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं याकोबींनींही स्वतंत्रपणें, नक्षत्रगणितावरूनच, वेदकाळ इसवी सनापूर्वीं चार हजार वर्षांच्याही मागें नेला. पुणें आणि बॉन यांचें असें एकमत व्हावें, याचा आम्हांस फार आनंद. आजचे बहुतेक पंडित तें अनुमान मानीत नाहींत, हेंही प्रामाणिकपणें सांगावयास हवें.

मग दर रविवारीं कोठें तरी जाणें सुरू झालें. प्रादेशिक गाड्यांस देशभर चालणारें मासिक तिकीट २०२३ च्या मे महिन्यांत ४९ युरोंस निघालें, पुढें तें महागलें. तरी महिनाभर हिंडणाऱ्यास सोयीचेंच. सर्वांत लक्षांत राहिला तो ड्राखेनफेल्स. ट्रामनें क्योनिग्सविंटरला जावें, तेथून १८८३ पासून चालणारी दांतेरी रुळांची गाडी वर नेते. उंची ३२१ मीटर, म्हणजे आमच्या सिंहगडापुढें टेकडीच. पण खालीं ऱ्हाइनचें वळण असें दिसतें कीं कुटुंबासही गुडघ्यांचें विस्मरण झालें. या डोंगराचा दगड कोलोनच्या महामंदिरास लागला. खाणीमुळें माथ्यावरचा पडका किल्ला ढांसळूं लागला, तेव्हां १८३६ सालीं प्रशियाच्या सरकारनें खाणच विकत घेऊन खणणें थांबविलें.

तेथें बाकावर बसून नातवानें डोंगराचें नांव आमच्या अक्षरांत लिहावयाचें ठरविलें. आरंभींच अडला. 'ड' कीं 'द'? आम्हीं दोन्ही म्हणून दाखविले. त्यानें दोन्ही तपासले व दोन्ही नापास केले. जर्मन वर्ण ना दंत्य, ना मूर्धन्य. जीभ मधेंच, दांतांच्या मुळाशीं टेकते. मोठमोठ्या विद्यार्थ्यांस जें वर्णस्थान समजावितां आमचा घसा बसे, तें या पोरानें स्वतःच्या जिभेवर शोधून काढलें! शेवटीं 'ड' वर तडजोड झाली. परततांना त्यानें पाण्याच्या रिकाम्या बाटल्या झोळींत भरल्या. दुकानांतील यंत्रांत घातल्या कीं प्रत्येकीचे पंचवीस सेंट अनामत परत मिळतात. अर्थात् सोमवारीं.

निघतेवेळीं अंकलिपी संपली नव्हती. जोडाक्षरें अर्धीं राहिलीं होतीं. परवां त्याचें कार्ड आलें, वर ड्राखेनफेल्सचें चित्र. मजकूर असा: 'आबा आम्ही परत गेलो. गाडी बंद होती. चाललो. खालच्या आजीनी खलबता मागीतला.' चुका तीन. उत्तरांत त्या कळवाव्या कीं नाहीं, याविषयीं आमचा व कुटुंबाचा मतभेद आहे. त्यामुळें उत्तर अद्याप टाकावयाचें राहिलें आहे.