शेवटच्या वाफ्याचे पाणी



गेल्या खेपेस आपण हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोललो. त्यावर आलेल्या पत्रांना पुढच्या खेपेस उत्तरे देईन. आज मात्र खताच्या गोणीचा हिशेब बाजूला ठेवून एका टेलिव्हिजन मालिकेची गोष्ट सांगणार आहे. 'साहेब, शेतीच्या पानावर हे काय काढलेत?' असे कुणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला शिकणारी माझी मुलगी गावी आली होती. रात्री जेवणे झाल्यावर तिने मला एक अमेरिकन विनोदी मालिका दाखवली. नाव 'एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड'. म्हणजे रेमंड सगळ्यांचा लाडका. ही मालिका सप्टेंबर १९९६ मध्ये सुरू झाली आणि मे २००५ मध्ये संपली. एकूण २१० भाग झाले.

न्यूयॉर्क शहराजवळ लाँग आयलंड नावाचे बेट आहे. तिथल्या लिनब्रुक या उपनगरात बॅरोन कुटुंब राहते. धाकटा मुलगा रेमंड वर्तमानपत्रात खेळांवर लिहितो. त्याची बायको डेब्रा, एक मुलगी आणि जुळे मुलगे असा त्याचा संसार. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोरच्या घरात, त्याचे आईवडील मेरी आणि फ्रँक राहतात. थोरला रॉबर्ट पोलीस खात्यात सार्जंट आहे. त्याचा घटस्फोट झालेला, म्हणून तो पुन्हा आईवडिलांच्या घरी येऊन राहिलेला. म्हणजे घरे दोन आणि चूल वेगळी, पण आई दिवसातून चार वेळा न विचारता आत येणार आणि सुनेच्या भांड्याचे झाकण उघडून बघणार. आता सांगा, हे अमेरिकेतले घर की आपल्या आळीतले?

सगळा विनोद उभा आहे तो दोन भावांच्या चढाओढीवर. रॉबर्ट साडेसहा फुटांहून उंच, घरात मावत नाही असा गडी. पण आईच्या नजरेत मात्र तो मावतच नाही. धाकट्याने काही केले की कौतुक, थोरल्याने काही केले की 'बरं, बस.' घास तोंडात घालण्याआधी तो हनुवटीला लावायची त्याला सवय. लोक त्या सवयीला हसतात. एका भागात तर कामावर असताना त्याला वळूने शिंग मारले, त्याचेही हसू झाले. मीही हसलो. पण हसताना घशात काहीतरी अडकत होते.

मालिकेच्या नावाचीही एक गोष्ट आहे. रेमंडचे काम करणारे रे रोमानो हे खऱ्या आयुष्यातही हसवण्याचा धंदा करून नावारूपाला आलेले. त्यांचे सख्खे भाऊ न्यूयॉर्कच्या पोलिसात होते. आपण जिवावरचे काम करायचे आणि वाहवा मात्र याची, अशा अर्थाने ते चिडून बोलून गेले आणि त्या बोलण्यातून हे नाव आले. मालिका लिहिणारे फिल रोझेन्थाल यांनीही आपल्या घरातलेच प्रसंग घातले. त्यांनी आईला दरमहा फळांची पेटी घरपोच येईल अशी भेट दिली होती. पेटीभर नासपती बघून आई खूश व्हायच्या ऐवजी घाबरली, की एवढी फळे घेऊन मी करू काय! पहिल्याच भागात हा प्रसंग आहे. ज्याच्या घरी पाहुण्याने एकदम चार पेट्या आंबा उतरवला आहे, त्याला ती अडचण कळेल.

लाडका रेमंड तरी सुखात आहे का? नाही. आई पाठ सोडत नाही, बायको आणि आई यांच्यामध्ये उभे राहायची त्याला हिंमत नाही आणि भावापुढे मनात अपराधी वाटते ते वेगळेच. एका भागात त्याचा लहान मुलगा शाळेसाठी गोष्ट लिहितो. गोष्टीचे नाव 'रागीट कुटुंब'. ती ऐकून मोठी माणसे लाजायच्या ऐवजी 'हा राग तुझा, की माझा' यावरच भांडत बसतात.

बंधूंनो, आता शेताकडे येतो. लांब सरीला पाणी देताना काय होते, हे मी तुम्हाला शिवारफेरीत कितीदा दाखवले आहे. पाटाच्या तोंडाजवळ पाणी साचून राहते, मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात. आणि सरीच्या शेवटाला ओल पोचतच नाही, तिथले पीक माना टाकते. नुकसान दोन्ही टोकांना होते. यात दोष पाण्याचा नसतो, रानाच्या बांधणीचा असतो. आईबापांच्या मायेचेही असेच आहे. कुणी ठरवून थोरल्याला तहानलेला ठेवत नाही. माया उताराने जाते आणि उतार बहुधा लांब राहणाऱ्या, शिकलेल्या, कधीतरी येणाऱ्या मुलाकडे असतो.

हे मी एवढ्या खात्रीने लिहितो, कारण आमच्या घरातला रेमंड मी आहे.

माझे थोरले बंधू दहावीनंतर शाळा सोडून नांगरामागे गेले. मी कृषि महाविद्यालयात गेलो, बी.एस्सी. झालो. माझ्या खानावळीचे पैसे त्यांच्या ज्वारीतून आले. आज आई ऐंशीच्या पुढे आहे. तिला दवाखान्यात नेणे, गोळ्या वेळेवर देणे, रात्री उठून बघणे, हे सगळे दादा आणि वहिनी करतात. मी सणाला पेढ्यांचा पुडा घेऊन येतो आणि आई तो पुडा आल्यागेल्याला दाखवते, 'आमच्या साहेबानं आणलाय.' दादा हे ऐकतात आणि कंदील किंवा बॅटरी शोधायला उठतात. रात्रीची वीज असते, मोटार चालू करायला जायचे असते. इतकी वर्षे मला वाटायचे, की दादा जरा तुटक आहेत. ती मालिका बघताना कळले, की मी सरीच्या तोंडाशी बसून शेवटच्या वाफ्याला 'तू का वाळलास' म्हणून विचारत होतो.

माझ्या नोकरीत बांधाची भांडणे पुष्कळ पाहिली. दर साली नांगराचे एक तास बांध पोखरायचा आणि मग मोजणी, तारखा, वकील. फूटभर जमिनीत असे किती पीक येते? पण दोघांपैकी एकाशी निवांत बसून बोलले, की दुसऱ्याच चहाला खरी गोष्ट निघते. 'म्हातारीनं कधी माझं नाव घेतलं नाही हो, साहेब.' बांध हे निमित्त असते.

या मालिकेत बॅगेचा एक भाग आहे. प्रवासाहून आल्यावर बॅग जिन्यावर राहते. ती उचलायची कुणी, यावर नवराबायको तीन आठवडे हट्टाला पेटतात. तेव्हा मेरी सुनेला आपल्या भिंतीवरच्या मोठ्या काट्याचमच्याची गोष्ट सांगते. तिच्या संसारातल्या अशाच एका हट्टाची ती खूण. तात्पर्य एवढेच, की तुझ्या घरात अशी खूण टांगून ठेवू नकोस. सासू सुनेला शहाणपणाचे सांगते, असा हा दुर्मीळ प्रसंग!

शेवटच्या भागात रेमंडची छोटीशी शस्त्रक्रिया होते आणि भूल उतरायला क्षणभर अडचण येते. तेवढ्या वेळात घरच्या माणसांच्या पायांखालची जमीन सरकते. मग मालिका संपते कशी, तर सगळे दाटीवाटीने एका टेबलाभोवती न्याहारीला बसलेले आणि वाद चालूच. भांडण मिटत नाही, पण कुणी ताटावरून उठूनही जात नाही.

हीच मालिका २०१५ मध्ये हिंदीत 'सुमित संभाल लेगा' नावाने आली. आईचे काम आपल्या भारती आचरेकरांनी केले होते. रशियातही २००९ पासून तिची आवृत्ती चालली. देश बदलला, भाषा बदलली, पण थोरल्याचे दुखणे प्रत्येक ठिकाणी ओळखीचेच निघाले.

पाडव्याला पाहुणे बसले होते. आईने पेढ्यांचा पुडा काढला आणि सुरुवात केली. मी म्हणालो, 'आई, मी साहेब झालो तो दादांनी रात्री धरलेल्या पाण्यावर. हे पेढे त्यांचे आहेत.' दादा 'लाईट आली का बघतो' म्हणत बाहेर गेले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'खरं आहे. घर त्यानंच धरलं.' दादांनी ते ऐकले नाही. पण वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी मला हाक मारली, 'येतोस का रानात?' पंचवीस वर्षांत त्यांनी मला असे बोलावले नव्हते. आम्ही दोघे कांद्याचे पाणी धरून आलो. बोलणे फारसे झाले नाही.

तेव्हा लांब सरीवर जो उपाय मी सांगतो, तोच घरातही करा. सरी आखूड करा, म्हणजे कौतुक मनात साठवू नका, जागच्या जागी बोला. जो रोज डोळ्यांसमोर असतो त्याचे नाव चारचौघांत घ्या. आईबापांनी घ्यावे, आणि त्यांना सुचत नसेल तर लाडक्याने आठवण करून द्यावी. तोंडाशी बसलेल्यानेच पाणी पुढे सोडायचे असते.

पुढच्या खेपेस हरभऱ्यावरील घाटेअळी.