अखंड भोपळा घरांत असावा

कोपरगांवच्या आठवडेबाजारांत तांबड्या भोपळ्याच्या पाव-पाव किलोच्या फोडी कापून मांडलेल्या दिसतात. आणि त्या घेणारांत, ज्यांच्या बांधावर वेल सहज चढेल असे बागाईतदार पुष्कळ असतात. ही गोष्ट आमच्या मनास फार लागते.

गोदावरीचे कालवे येऊन शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. पाणी आलें, ऊस आला, मागून साखर कारखाने आले, द्रव्यही आलें. परंतु उकिरड्याच्या कडेचीं आळीं गेलीं व घरची भाजी बाजाराच्या हवालीं झाली. ऊस लावूं नये असें आमचें म्हणणें नाहीं, आम्हीही लावतों. म्हणणें इतकेंच कीं, ज्या घरीं जमीन आहे त्या घरीं भोपळा अखंड यावा व लागेपर्यंत अखंडच राहावा. फोड विकत आणणें हा शेतकऱ्यास तोट्याचा व्यवहार होय.

कारण उघड आहे. पुरता पिकलेला भोपळा (आमच्याकडे कोणी त्यास डांगरही म्हणतात) कोरड्या व हवेशीर जागीं दोन-तीन महिने सहज टिकतो. कापल्यावर मात्र उघड्यावर दोन दिवसांत गर बुळबुळीत होऊं लागतो, व शीतकपाटांतही चार-पांच दिवसच निभावतात. बाजारची फोड केव्हां कापली हें विकणारासच ठाऊक. अर्थात् टिकण्यासाठीं फळ वेलीवर पिकूं दिलें पाहिजे. सालींत नख रुतूं नये, देठ वाळून बुचासारखा व्हावा, आणि तोडतांना दोन-तीन बोटें देठ फळास राखावा. गेल्या वर्षी आम्हींच घाईनें देठ मोडून दोन फळें माळ्यावर ठेविलीं. महिना भरण्याच्या आंत दोन्ही देठापासून सडलीं, व खालचें बाजरीचें पोतें भिजलें तें निराळेंच.

यावर कोणी म्हणेल, आतां घरांत चार माणसें. पांच-सहा किलोंचें फळ कापून करावें काय? प्रश्न खरा आहे. खटल्याच्या घरांत तो पडत नसे. आमचें उत्तर असें कीं, कापलेल्या सकाळींच अर्धा भोपळा शेजारच्या दोन घरीं द्यावा, व त्यांचा कापतील तेव्हां त्यांनीं आपणांस द्यावा. चार घरांनीं ठरविलें तर कोणासही फोड विकत आणावी लागणार नाहीं.

दुसरी अडचण कोणी बोलून दाखवीत नाहीं. अखंड फळावर पहिला घाव बाईनें घालूं नये, असा समज पुष्कळ घरांतून अद्याप आहे. त्यामुळें भोपळा कोपऱ्यांत, गृहिणी यजमानांची वाट पाहत, आणि यजमान कारखान्यावर! समज पाळावयाचा तर पुरुषांनीं सकाळीं उठून तें काम उरकावें. नाहीं तर तो सोडावा. आमच्या मतें सोडावा. कोहळा बळीच्या ठिकाणीं मानीत, तेथूनच हा निर्बंध इकडे लागला असावा. तांबडा भोपळा तर मूळचा अमेरिकेंतला. १४९२ च्या कोलंबसाच्या सफरीनंतर तो या बाजूस आला. त्यास अनादि नियम कोठून असणार?

कापतांना फळ गोणपाटावर बसवावें, म्हणजे घरंगळत नाहीं. कोयता देठावर न मारतां देठाशेजारीं रोवून वरून ठोकावा. अखंड फळ विळीवर दाबणें म्हणजे बोटें गमावणें. विळ्याभोपळ्याचें सख्य म्हणतात तें उगीच नव्हे. आंतील बिया व जाळी लागलीच काढावी, कारण कुजणें तेथून सुरू होतें. गर चाखून पाहावा. कडू लागला तर सबंध फळ टाकावें; शिजवूनही तो कडूपणा जात नाहीं, व खाणारास ओकाऱ्या होतात.

आपल्या अर्ध्याची पहिल्या दिवशीं सालीसकट मोठ्या फोडींची भाजी करावी. मेथीदाण्याची फोडणी, वर झांकणांत पाणी, आंत मात्र थेंबही नको. गरांत शंभरांतील नव्वद भाग पाणीच असतें. शेवटीं चिंच, गूळ व दाण्याचें कूट. ज्या पदार्थामुळें गर पिवळा दिसतो त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करितें, आणि तें अंगीं लागण्यास थोडें तेल-तूप हवें. म्हणून फोडणींत कंजूषपणा करूं नये. दुसऱ्या दिवशीं उकडून दह्यांतलें भरीत. राहिलेला कीस गुळांत शिजवून निववावा, त्यांत मावेल तितकीच कणीक मळावी व घारगे तळावे. पाणी वा दूध न घातल्यास ते तीन-चार दिवस राहतात, व उसाच्या फडावर न्यावयास भाकरीइतकेच सोयीचे पडतात. (ऊस घरचा आणि गूळ दुकानचा, हें दुःख पुन्हां केव्हां तरी सांगूं.)

बिया धुऊन वाळवाव्या व भाजून मुलांस द्याव्या. फुलांची भजी ज्यांस आवडतात त्यांनीं लांब, बारीक देठाचीं, खालीं फळाची गांठ नसलेलीं नरफुलेंच घ्यावीं, आणि तींही दुपारीं, मधमाशांचें काम आटोपल्यावर तोडावीं.