गोळी सुटली की झाडली?

आल्बेर काम्यूच्या 'द आउटसायडर' (मूळ फ्रेंच, १९४२) या कादंबरीविषयी आपल्या वर्गांमधून जे बोलले जाते त्यात ऊन असते, आईचा अंत्यविधी असतो आणि 'अ‍ॅब्सर्ड' ही संज्ञा तर असतेच असते. नसतो तो पाच गोळ्यांचा हिशेब. हा हिशेब टाळून ही कादंबरी शिकवणे म्हणजे तिच्यातील नैतिक प्रश्नाला बगल देणे होय, असे माझे मत आहे.

प्रसंग परिचित आहे. अल्जीअर्सजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर म्यर्सो एकटाच परत येतो. खिशात मित्राचे रिव्हॉल्व्हर आहे. झऱ्यापाशी पहुडलेला अरब उठून बसत नाही, पण सुरा बाहेर काढतो; याच माणसाने थोड्या वेळापूर्वी त्या मित्राला जखमी केलेले आहे. पहिली गोळी सुटते. म्यर्सो थांबतो. मग निपचित पडलेल्या देहावर तो आणखी चार गोळ्या झाडतो. पहिल्या गोळीपुरता स्वसंरक्षणाचा बचाव निदान मांडता आला असता. अर्थात तोही लंगडाच, कारण पुढे पाऊल म्यर्सोनेच टाकले होते. उरलेल्या चार गोळ्यांना मात्र तेवढाही आधार नाही.

किती गोळ्या झाडल्या म्हणजे स्वसंरक्षणाची मर्यादा ओलांडली जाते, हा प्रश्न न्यायालयांनाही सोडवावा लागला आहे. १९२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टेक्सासमधील ब्राउन नावाच्या इसमाचा खटला आला. पूर्वी दोनदा हल्ला केलेला एक माणूस सुरा घेऊन त्याच्या अंगावर आला. ब्राउनने वीस-पंचवीस फूट मागे जाऊन कोटातले पिस्तूल घेतले आणि चार गोळ्या झाडल्या. शेवटची गोळी सुटली तेव्हा हल्लेखोर जमिनीवर पडलेला होता. तरीही न्या. होम्स यांनी बहुमताचा निकाल लिहिताना शिक्षा रद्द ठरवली. उगारलेल्या सुऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाकडून अलिप्त विचाराची अपेक्षा करता येत नाही, हे त्यांचे मुख्य सूत्र. शांतपणे पाहता शेवटची गोळी अनावश्यक वाटली, तरी ती आधीच्या गोळ्यांच्या पाठोपाठ आणि झटापटीच्या भरातच झाडली गेली असेल, तर तेवढ्यावरून बचावाचा हक्क जात नाही. आपल्याकडेही १८६० च्या दंडसंहितेचे ९९ वे कलम बचावासाठी आवश्यक तेवढ्याच इजेला मुभा देत असे, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ते तत्त्व कायम ठेवले आहे. तात्पर्य, कायदा केवळ आकडा मोजत नाही. गोळ्यांच्या मधल्या काळात धोका शिल्लक होता काय आणि विचाराला अवसर मिळाला काय, हे तो पाहतो.

आता पुन्हा काम्यूकडे वळू. मूळ फ्रेंचमध्ये पहिल्या गोळीच्या वाक्याचा कर्ता रिव्हॉल्व्हरचा चाप आहे. तो जणू आपणहून ढिला पडतो. चार गोळ्यांच्या वाक्याचा कर्ता 'मी' आहे. मराठीला हा भेद नवा नाही. 'गोळी सुटली' आणि 'मी गोळी झाडली' यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. विशेष म्हणजे या दोन वाक्यांच्या मध्ये म्यर्सोला एक जाणीव होते. दिवसाचा तोल आपण मोडला, हे त्याला कळते. ब्राउनला जो अवसर मिळाला नाही तो काम्यूने म्यर्सोला दिला आहे, आणि तो मिळाल्यावरही म्यर्सो चाप ओढतो. उन्हाचे स्पष्टीकरण फार तर पहिल्या गोळीपर्यंत पोहोचते.

कादंबरीतील न्यायव्यवस्थेलाही हे पेलत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गोळीच्या मध्ये का थांबलास, हा नेमका प्रश्न तपास करणारा न्यायाधीश विचारतो. उत्तर न मिळताच क्रूसाची मूर्ती पुढे धरून देवाकडे वळतो. पुढे खटल्यात वकील चिथावणीचा मुद्दा घाईने उरकतो, आणि आईच्या अंत्यविधीला मुलगा रडला की नाही यावर साक्षी होतात. मेलेल्या माणसाला अखेरपर्यंत नाव मिळत नाही.

वर्गात आपण त्या न्यायालयावर हसतो. परंतु चार गोळ्यांना केवळ निरर्थकतेचे प्रतीक मानून पुढे जाताना आपण त्याच न्यायालयाची चूक करत नाही काय? कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने २०१३ मध्ये याच कथेला उत्तर देणारी कादंबरी लिहिली. तीत मेलेल्याला मूसा हे नाव आहे. त्याचा भाऊ हारून पुढे एका फ्रेंच माणसावर दोन गोळ्या झाडतो आणि मनातल्या मनात बेरीज करतो : एकूण सात. बळी पडलेल्याच्या घरात गोळ्या अशा मोजल्या जातात.

होम्स यांचा इशारा वाचकानेही ध्यानात ठेवावा. सुरक्षित खोलीत बसून दुसऱ्याच्या भीतीचे माप काढणे सोपे असते. पण तो इशारा भीतीपुरता आहे, थांबून केलेल्या कृतीला तो लागू होत नाही. म्हणून यापुढे ही कादंबरी शिकवताना 'म्यर्सोने का मारले?' एवढ्यावर थांबू नये. पाचांपैकी कोणती गोळी सुटली आणि कोणत्या झाडल्या, हे विद्यार्थ्यांना संहितेतील वाक्ये समोर ठेवून विचारावे. 'अ‍ॅब्सर्ड'ची चर्चा त्यानंतर करता येईल.