बारा जणांची मोजणी

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून मी 31 वर्षं काढली. बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर आलेले पाहिले आहेत. त्यामुळे नॉटिंगहॅमला मुलीकडे गेलो, तेव्हा तिने सुचवलेले राजवाडे बाजूला ठेवून आधी बांधांविना शेती करणाऱ्या लॅक्सटन गावी ने, असा हट्ट धरला.

नोव्हेंबर संपत आला होता. लाल चिकण माती बुटांना धरून बसत होती. समोर नुकता उगवलेला गहू, आणि एवढ्या मोठ्या शिवारात ना बांध, ना कुंपण. तरी त्यात कितीतरी शेतकऱ्यांचे पट्टे. वाटेच्या कडेला गवतात एक नवी खुंटी दिसली. घणाने माथा चेपलेला, लाकूड अजून पांढरं. उकिडवा बसून तिथून नजर सरळ लावली. दोघांच्या पेरणीच्या ओळी जिथे भेटत होत्या, नेमकी तिथेच ती गेली. वीतभराचाही फरक नव्हता.

ही खुंटी सरकारी मोजणीदाराची नाही. दर वर्षी नोव्हेंबरअखेर गावातले 12 शेतकरी पंच म्हणून गव्हाचं शिवार पायी फिरतात आणि हद्दीवर अशा खुंट्या ठोकतात. कुणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामाईक गवतपट्टीत नांगर घातला असेल, तर टिपून ठेवतात. आठवड्याने गावच्या डव्हकोट इन या खानावळीत न्यायालय बसतं आणि दंड ठरतो. रक्कम किरकोळच असते, पण साऱ्या गावासमोर नाव वाचलं जातं. 1977 च्या कायद्याने इंग्लंडातल्या अशा बहुतेक जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले. लॅक्सटनचे मात्र राखले.

इथे तीन शिवारं आहेत. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड. पुढच्या वर्षी फेरपालट. पूर्वी एक पट्टा म्हणजे साधारण एका दिवसाची नांगरट. चांगली जमीन आणि हलकी जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी, म्हणून एकेकाचे पट्टे तिन्ही शिवारांत विखुरलेले. एके काळी इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती अशीच चाले. पुढे संसदेने 5,000 वर कायदे करून शिवारं तोडली, कुंपणं घातली, आणि ज्यांची जनावरं सामाईक कुरणावर जगत होती ते भूमिहीन झाले. याला तिथल्या पुस्तकांत सुधारणा म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. लॅक्सटन वाचलं, कारण तिथल्या दोन बड्या जमीनदारांचं एकमत होईना.

मोजणीदार म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1635 चा नकाशा. मार्क पिअर्सने केलेला, आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टा न् पट्टा आहे, शिवाय नांगरणारे, कापणी करणारे आणि जनावरंही चितारली आहेत. तो करवून घेणारा मालक सर विल्यम कोर्टेन. त्याच्याच व्यापारी मंडळाची जहाजं 1636 साली गोव्याला लागली होती. आपल्या किनाऱ्याशी या गावाचं असं नातं निघेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता मुद्द्याचं बोलतो. 1952 मध्ये हे गाव सरकारने विकत घेतलं, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेलं आणि 2020 मध्ये जुन्या मालक घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे परत आलं. चर्च, किल्ल्याची टेकडी, रस्त्याला आडवी भिंत करून उभी असलेली विटांची शेतघरं, हे सगळं कुणीही जपेल. पण 12 पंच कुठून आणणार? त्यासाठी गावात राहून, तिथेच पेरणारी माणसं लागतात. एक कुटुंब शेती सोडतं, त्याचे पट्टे शेजारच्या मोठ्या शेताला जोडले जातात, घर शहरातल्या कुणाला राहायला जातं. असं होत गेलं की फिरायला माणूस उरत नाही. म्हणून मालकाने रिकामं झालेलं प्रत्येक शेत नव्या, तरुण कुळालाच द्यावं, भाडं कमी आलं तरी चालेल. ब्रिटिश सरकारनेही या शेतकऱ्यांना वारसा राखण्याबद्दल वेगळं अनुदान द्यावं. जड मातीत विखुरलेले पट्टे कसणं खर्चाचं काम आहे, आणि तो खर्च आज शेतकरी स्वतःच्या खिशातून भरतो.

निघताना त्या खुंटीपाशी पुन्हा थांबलो. पावसाने तिच्याभोवतीची माती थोडी खचली होती. बुटाच्या टाचेने ती दाबून घट्ट केली आणि गाडीत बसलो.