पाट करू या वावळ्याचा!

मैत्रिणींनो, साग परवडत नाही म्हणून सुतारकामाची हौस मारू नका. आपल्या सातारा-सांगलीकडचा वावळा ठाऊक आहे ना? उन्हाळ्यात ज्याची पापडासारखी चपटी, गोल फळे वाऱ्यावर उडतात तो. विलायती एल्म झाडाच्याच कुळातला हा. लाकूड फिकट पिवळसर. बसायच्या पाटाला छान.

ओली फळी मात्र घेऊ नका. तिला डाग पडतात, कीडही लागते. वखारीतून सुकलेलीच मागा. याच्या रेषा उलटसुलट असतात, त्यामुळे रंधा मारताना लाकूड उचकटते. म्हणून पाते धारदार हवे आणि थर अगदी पातळ काढावा. मग काचपेपर: आधी ८०, मग १२०, शेवटी २२० नंबरचा, रेषांच्या दिशेनेच.

जवसाचे डबल बॉइल्ड तेल पातळ लावा, १५-२० मिनिटांनी पुसून घ्या. नीट वाळले की दुसरा हात, मग तिसरा. पोळपाटाला मात्र हे तेल नको. त्यात लवकर वाळण्यासाठी रसायने घातलेली असतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापते आणि फडक्यांचा बोळा काडी न लावताही पेटू शकतो! फडकी लगेच पाण्यात बुडवा, नाहीतर अंगणात एकेक पसरून वाळवा. मुलाबाळांच्या घरात एवढी काळजी हवीच.

मग पाट मांडा. पाहुण्यांनी "कुठून आणला?" विचारले, तर खुशाल सांगा, "मीच केला!"